रेंज गेली कोठे? गाऱ्हाण्याआधी निदान

(ग्रामीण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सह्याद्रीच्या कुशीतील कोणत्याही खोऱ्यात आज कार्यकर्ता गेला, म्हणजे पाणी, रस्ता आणि रेशन या तीन जुन्या गाऱ्हाण्यांच्या जोडीला एक चौथे गाऱ्हाणे हमखास त्याच्या कानी पडते. "पूर्वी रेंज होती, आता गेली." कधीपासून, असे विचारावे तर उत्तर येते, "कंपनीने नवीन काहीतरी बसविले तेव्हापासून." नव्याची जाहिरात तालुक्याच्या चौकात झळकते आणि वाडीवरचा माणूस बांधावरच्या एका ठरावीक दगडावर चढून, हात उंचावून फोन लावीत असतो.

या गाऱ्हाण्याला बहुधा दोन तऱ्हेचे प्रतिसाद मिळतात. पहिला दैववादी असतो. "आमचे खोरेच असे, डोंगर आड येतो, त्याला कोण काय करणार?" दुसरा प्रतिसाद उतावळा असतो. त्यात एक निवेदन तयार होते, "गावात रेंज नाही, ती त्वरित द्यावी" एवढेच त्यात लिहिलेले असते आणि त्यावर दोनशे सह्या असतात. तहसीलदार ते पुढे पाठवितात. कंपनीचा अधिकारी एक नकाशा काढून दाखवितो, त्यात गाव रंगविलेले असते, आणि विषय तेथेच संपतो. या दोन्ही प्रतिसादांत एक उणीव समान आहे. रेंज नेमकी कोठे अडली, कशाने अडली आणि कोणाची अडली, हे कोणीच तपासलेले नसते. वैद्याने नाडी न पाहता काढा द्यावा, तसाच हा प्रकार होय. निदान हे तज्ज्ञाचे काम, ते गावकऱ्याला जमणार नाही, असा एक समज रूढ आहे. तो खोटा आहे. एक वही, दोन-तीन कंपन्यांची सिमे आणि आठवडाभराची चिकाटी एवढ्या भांडवलावर कोणत्याही वाडीला आपल्या रेंजचे निदान करता येते.

प्रश्न चैनीचा राहिलेला नाही

मोबाइल ही चैनीची वस्तू होती, असा एक काळ खरोखरच होता. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाइल संभाषण केले. त्या काळी आलेला फोन उचलण्यासाठीही पैसे मोजावे लागत. गावात रेंज नसली तर तेव्हा कोणाचे काही अडत नव्हते.

पुढे शासनानेच एकेक व्यवहार मोबाइलच्या लहरींवर नेऊन ठेवला. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटला तरी तो पडताळण्यासाठी नेटवर्क लागते. ते नसेल तर धान्य समोर दिसत असूनही म्हातारीला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवरून होऊ लागली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरील मजुरांची हजेरी मोबाइलवर छायाचित्रासह घेण्याची सक्ती केंद्र सरकारने केली. बँकेचा व्यवहार ओटीपीवाचून पुढे सरकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर गेली, तेव्हा कोकणातील आणि घाटमाथ्यावरील मुले वह्या घेऊन डोंगर चढत होती. आणि रात्री कोणाला साप चावला, तर रुग्णवाहिका येईल की नाही हे प्रथम फोन लागतो की नाही यावर ठरते.

ज्या सेवेवाचून नागरिकाला आपला हक्क बजावता येत नाही, ती सेवा पाणी आणि रस्ता यांच्या पंक्तीला बसते. मार्च २०२४ च्या अखेरीस शहरी भागात दर १०० माणसांमागे सुमारे १३३ दूरध्वनी जोडण्या होत्या आणि ग्रामीण भागात सुमारे ५९. ही दरी असताना हक्क मात्र दोन्हीकडे एकाच यंत्रावरून मागावयाचे आहेत.

बदल झाला, म्हणजे काय झाले?

'नेटवर्क बदलले' या दोन शब्दांत अनेक निरनिराळ्या घटना दडलेल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याखेरीज निदानाला सुरुवातच होत नाही.

टूजी हे मूलतः बोलण्यासाठी उभारलेले जाळे. थ्रीजीने बोलण्याच्या जोडीला कामापुरते इंटरनेट दिले. फोरजी मुळात इंटरनेटसाठीच आखलेले असून, त्यावर बोलणेही इंटरनेटच्याच वाटेने जाते. या सोयीला 'व्होल्टी' असे नाव आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी केवळ फोरजीवर चालणारी एक नवी कंपनी बाजारात उतरली आणि दरयुद्ध पेटले. काही कंपन्या बुडाल्या, काही विलीन झाल्या. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी दोन मोठ्या कंपन्यांचे विलीनीकरण पूर्ण झाले, आणि दोघींची यंत्रसामग्री जेथे जवळजवळ होती तेथील एकीची उतरविण्यात आली. २०१९ पासून खाजगी कंपन्यांनी थ्रीजी टप्प्याटप्प्याने बंद करून त्या लहरी फोरजीला दिल्या. सरकारी कंपनीच्या स्वदेशी फोरजी जाळ्याचे राष्ट्रीय पातळीवरील उद्‌घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

या प्रत्येक बदलाचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा तोटा कोणाच्या पदरी पडला, हेही पाहिले पाहिजे. तो तीन वाटांनी आला.

पहिली वाट हँडसेटची. ज्याच्या हाती थ्रीजीपर्यंतच चालणारा फोन होता, तो थ्रीजी बंद होताच टूजीवर घसरला. त्याचे बोलणे चालू राहिले, पण इंटरनेट जवळजवळ थांबले. पडद्यावर 'ई' हे अक्षर दिसते, ते याचेच चिन्ह.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. फोन फोरजीचा आहे, पडद्यावर कांड्या भरलेल्या आहेत, इंटरनेटही चालते, पण फोन लागत नाही, किंवा लागताच तुटतो. अशा फोनमध्ये व्होल्टी नसते, किंवा ते बंद करून ठेवलेले असते, किंवा त्या कंपनीच्या जाळ्यावर ते चालत नाही. मग बोलण्यासाठी फोन खाली थ्रीजीवर वा टूजीवर उतरू पाहतो. थ्रीजी गेलेले, टूजी त्या वाडीवर क्षीण. म्हणून फोन लागत नाही. पूर्वी लागत होता, याचे कारण तेव्हा उतरावयाला एक पायरी होती. ती काढून घेतली गेली.

तिसरी वाट लहरींची. लहर जितकी सखल, म्हणजे ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची, तितकी ती दूर जाते, डोंगराच्या कडेवरून थोडी वळते आणि भिंतीतून आत शिरते. १८००, २१०० वा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी माल अधिक वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला आखूड असतो. ज्या टॉवरवरून पूर्वी ९०० वर टूजी येत होते, त्याच टॉवरवरून १८०० वर फोरजी येऊ लागले, तर टॉवर न हलताही पलीकडच्या वाडीची रेंज जाऊ शकते. अँटेनाची दिशा वा तिचा कल थोडा बदलला, तरी तोच परिणाम होतो. "टॉवर तर आहे तिथेच आहे," हे कंपनीचे उत्तर अशा वेळी खरे असते आणि अपुरेही असते.

निदानाचा क्रम

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळावे. तिचा क्रम महत्त्वाचा आहे. तो चुकला तर गरिबाच्या खिशाला चाट बसते.

पहिला प्रश्न असा की, रेंज एकाची गेली की सर्वांची? त्याच वाडीत, त्याच कंपनीचे सिम असलेले दुसरे दोन-तीन फोन पाहावेत. त्यांना रेंज असेल, तर दोष टॉवरचा नाही. मग सिमांची अदलाबदल करावी. तक्रारदाराचे सिम शेजाऱ्याच्या चालू फोनमध्ये घालावे आणि शेजाऱ्याचे त्याच्या फोनमध्ये. दोष सिमबरोबर गेला तर सिमचा. फोनमध्येच राहिला तर फोनचा. पाच मिनिटांच्या या परीक्षेने कित्येकांचे हजारो रुपये वाचतात, कारण बाजारातील दुकानदार या परीक्षेऐवजी नवा फोन पुढे करतो.

सिम जुने, टूजी-थ्रीजीच्या काळातील असेल, तर ते फोरजीवर चालत नाही. कंपनीच्या केंद्रावर ते बदलून मिळते आणि क्रमांक तोच राहतो. मात्र सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात; फसवणूक टाळण्यासाठी तसा नियम आहे. म्हणून ज्या दिवशी बँकेचे वा ओटीपीचे काम असेल, त्याच्या आदल्या दिवशी सिम बदलू नये.

दोष फोनचा वाटला, तरी तो लगेच टाकून देऊ नये. प्रथम विमान मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करावा, म्हणजे फोन टॉवर नव्याने शोधतो. सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार 'फक्त थ्रीजी' असा तर ठेवलेला नाही ना, हे पाहावे. पूर्वी इंटरनेट बरे चालावे म्हणून अनेकांनी तसे करून ठेवले होते, आणि थ्रीजी बंद झाल्यावर तो फोन मुका झाला. तेथे फोरजी, थ्रीजी, टूजी आपोआप निवडण्याचा पर्याय ठेवावा. व्होल्टीचे बटण चालू करावे. फोनची प्रणाली अद्ययावत करावी, कारण जुन्या फोरजी फोनांपैकी काहींना व्होल्टीची सोय मागाहून मिळाली आहे. क्रमांक एका कंपनीतून दुसरीकडे नेला असेल, तर इंटरनेटची जुनी जुळणी शिल्लक राहिलेली असते. ती पुसून नवी घ्यावी. एवढे करूनही भागले नाही, तर हा फोन त्या कंपनीच्या लहरी पकडतो की नाही, हे तपासावे. सरकारी कंपनीचे फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, आणि फोरजीच्या आरंभकाळातील कित्येक फोन ७०० पकडतच नाहीत. नातेवाइकाने परदेशातून आणलेल्या फोनमध्येही अशी उणीव कधी कधी आढळते. पडद्यावर फोरजी लिहिले आहे म्हणजे सर्व फोरजी चालते, असे मुळीच नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. रेंज घरात नाही की अंगणातही नाही? पत्र्याचे छप्पर लहरींना परतवून लावते. जांभ्याच्या जाड भिंती त्या शोषून घेतात. अंगणात रेंज असेल आणि माजघरात नसेल, तर ते घराचे कारण झाले. खिडकीपाशी फोन ठेवून लाउडस्पीकरवर बोलणे हा त्यावरील साधा तोडगा. ग्रामपंचायतीत वा शाळेत तारेने आलेले इंटरनेट असेल, तर वाय-फायवरून फोन लावण्याची सोय अनेक फोनांत असते. कंपनीची ती सेवा असल्यास रेंज नसतानाही त्या इमारतीतून बोलता येते. गावात एक तरी अशी हमखास जागा असणे अडचणीच्या वेळी मोलाचे ठरते.

तिसरा प्रश्न टॉवरचा, आणि त्याचे उत्तर वहीतून निघते.

वहीचे महत्त्व

पडद्यावरील कांड्यांवर विसंबू नये. कोणत्या ताकदीला किती कांड्या दाखवावयाच्या, हे प्रत्येक फोन-उत्पादक आपल्या मर्जीने ठरवितो. खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये, फोनविषयीच्या माहितीतील सिमच्या स्थितीत मिळतो. तो डीबीएम या मापात असतो आणि उणे चिन्हाने लिहिलेला असतो. फोरजीसाठी उणे ९० वा त्याहून वरचा आकडा चांगला, उणे १०५ च्या आसपास काठावरचा, आणि उणे ११५ च्या खाली गेल्यास रेंज असून नसल्यासारखी. दहा आकड्यांचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. उणे ९५ वरून उणे ११५ वर आलेल्या वाडीला पूर्वीच्या शंभराव्या हिश्शाची लहर मिळत आहे, हे निवेदनात लिहिता आले, की निवेदनाचे वजन बदलते. मात्र टूजीचा आणि फोरजीचा आकडा एकमेकांशी ताडून पाहू नये. दोहोंची मोजण्याची रीत वेगळी आहे.

गावठाण, प्रत्येक वाडी, शाळा, रेशन दुकान आणि आरोग्य उपकेंद्र अशा जागा निवडाव्यात. सात दिवस, सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास नोंद घ्यावी. तारीख, वेळ, जागा, कंपनी, टूजी की फोरजी, आकडा, फोन लागला की नाही, आणि वीज होती की नाही, असे आठ रकाने पुरेत. शाळेतील मोठी मुले आणि बचत गटातील स्त्रिया हे काम उत्तम करतात, कारण रेंजसाठी सर्वाधिक पायपीट त्यांनाच करावी लागते.

सात दिवसांनी ही वही बोलू लागते. वीज गेल्यानंतर दोन-तीन तासांनी सर्वांची रेंज जात असेल, तर टॉवरच्या बॅटऱ्या थकल्या आहेत, किंवा जनित्रात डिझेल पडत नाही. पहाटे इंटरनेट धावत असेल आणि रात्री नऊला, आकडा तोच असूनही, रांगत असेल, तर त्या टॉवरवर गर्दी झाली आहे; तेथे क्षमता वाढविणे हाच उपाय. एका वाडीत दिवसरात्र रेंज नाही आणि गावठाणात चांगली आहे, असे दिसले तर ती वाडी डोंगराच्या सावलीत आहे. एकाच टॉवरवरील सर्व कंपन्या एकदम जात असतील, तर विजेचा किंवा सामाईक वाहिनीचा दोष; एकच जात असेल, तर त्या कंपनीच्या यंत्राचा. फोनवर 'केवळ आणीबाणीचे कॉल' असे उमटत असेल, तर स्वतःच्या कंपनीची लहर नाही, पण दुसऱ्या कोणाची तरी आहे, असा त्याचा अर्थ होतो. तशा वेळी ११२ हा क्रमांक सामान्यतः त्या परक्या जाळ्यावरूनही लागतो. ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी.

पावसाळ्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पावसाच्या थेंबांनी मोबाइलची लहर फारशी अडत नाही. दोन टॉवरांमधील संदेश ज्या उच्च कंप्रतेच्या मायक्रोवेव्हने जातात, ती साखळी मुसळधार पावसात क्षीण होते. म्हणून कांड्या दिसतात आणि इंटरनेट मात्र बंद पडते. टॉवरपर्यंत ऑप्टिकल फायबर आणली, तर हा दोष जातो. ही मागणी 'रेंज द्या' या मागणीहून नेमकी आहे, आणि नेमक्या मागणीला टोलविणे अवघड असते.

टाळावयाच्या तीन गोष्टी

निदान न करता केलेले तीन उपाय गावोगाव दिसतात. पहिला नवा फोन घेण्याचा. त्याविषयी वर सांगितलेच आहे. दुसरा बूस्टरचा. बाजारात मिळणारे हे यंत्र परवानगीशिवाय बसविणे हा गुन्हा आहे, आणि ते एका घराची रेंज वाढविताना टॉवरच्या कामात अडथळा आणून शेजाऱ्यांची रेंज बिघडवू शकते. तिसरा उपाय घाईने कंपनी बदलण्याचा. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे आणि ती ग्राहकाच्या हातातील चांगले शस्त्र आहे. परंतु ज्या कंपनीकडे जावयाचे, तिचे सिम आधी स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या घरी, दिवसाच्या तिन्ही वेळांना पारखून घ्यावे. नुकतेच सिम बदलून घेतले असेल, तर सात दिवस कंपनी बदलता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

गाऱ्हाणे कोठे न्यावयाचे?

वही हाती आली, की गाऱ्हाण्याला पाय फुटतात. त्याची पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. तेथे तक्रार नोंदविल्यावर मिळणारा क्रमांक लिहून घ्यावा. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. दूरसंचार विभागाचा गाऱ्हाण्यांसाठीचा क्रमांक १०६३ आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही. त्याच्याकडे एका सिमचे रडगाणे घेऊन जाण्यात अर्थ नाही. सबंध खोऱ्याची वही घेऊन जाण्यात आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांनी कंपन्यांवर एक महत्त्वाचे बंधन घातले. कोणत्या भागात टूजी, थ्रीजी, फोरजी वा फाइव्हजी मिळते, याचा नकाशा प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला पाहिजे. कंपनीचा हा नकाशा आणि गावाची वही शेजारी ठेवावी. नकाशात वाडी रंगविलेली असेल आणि वहीत तेथे उणे ११८ असेल, तर तो फरकच पुरावा होय. नकाशात वाडी कोरी असेल, तर मागणीचा पत्ता बदलतो. मग प्रश्न बिघाडाचा न राहता सेवा पोहोचविण्याचा होतो. याच नियमांनुसार जिल्ह्याच्या पातळीवर २४ तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिली, तर ग्राहकाला बिलात सूट वा मुदतवाढ देय आहे. नैसर्गिक आपत्तीचा त्यात अपवाद आहे.

त्याखेरीज ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना तेथे शुल्क नाही.

गाव मोजले, वाडी राहिली

सप्टेंबर २०२४ च्या सरकारी माहितीप्रमाणे देशातील ६,४४,१३१ गावांपैकी सुमारे ६,१५,८३६ गावांत फोरजी पोहोचले होते. हा आकडा मोठा आहे आणि तो उभा करणाऱ्यांचे श्रमही मोठे आहेत. पण त्यात मोजले गेले आहे ते गाव. कोकणात आणि घाटमाथ्यावर एक गाव म्हणजे सात-आठ वाड्या, दोन ओढे आणि मध्ये एक डोंगरसोंड. गावठाणात रेंज आली, की कागदावर गाव जोडले जाते. धनगरवाडा आणि कातकरवाडी त्या कागदावर नसतात. जे वस्तीच्या कडेला राहतात, तेच हिशेबाच्या कडेलाही राहतात. वाडीनिहाय नोंद हीच या हिशेबाची दुरुस्ती आहे.

यासाठी पैसा नाही, हे उत्तर ग्राह्य धरता येत नाही. दूरवरच्या भागात सेवा पोहोचावी म्हणून कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम घेण्याची व्यवस्था २००२ पासून आहे. तिचा निधी २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार आता 'डिजिटल भारत निधी' या नावाने ओळखला जातो. कंपनी ती रक्कम अखेरीस ग्राहकाच्या रिचार्जमधूनच उभी करते. म्हणजे दगडावर उभे राहून फोन लावणारा माणूसही त्या निधीचा वर्गणीदार आहे. केंद्राने २७ जुलै २०२२ रोजी वंचित गावांत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तीत २४,६८० गावे धरलेली होती. आपली वाडी अशा योजनेत कशी बसेल, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. वही जोडलेला ग्रामसभेचा ठराव हा त्याचा मार्ग.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल. कंपनीने करावयाचे मोजमाप गावकऱ्यांनी का करावे? जिने नफा मिळवावा, तिनेच दोष शोधावा. हा आक्षेप तत्त्वतः बिनतोड आहे. परंतु ज्याच्या हाती मोजमाप असते, त्याच्याच हाती सत्य राहते. जमिनीच्या मोजणीत कुळांनी हे अनुभवले, वजनकाट्यावर ऊस उत्पादकांनी अनुभवले. दोन्हीकडे लढ्याला धार आली ती आकडे आपले आपण तपासल्यावर. कंपनीचे ओझे हलके करण्यासाठी ही वही नाही. कंपनीला उत्तर देणे भाग पडावे, यासाठी ती आहे.

या वहीतून एक व्यापक मागणीही आकार घेते. टूजी आता बंद करावे, असा आग्रह काही कंपन्या धरू लागल्या आहेत. नव्या तंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. तथापि जुने जाळे गुंडाळण्यापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा झाली पाहिजे. त्या प्रत्येक वाडीवर नव्या जाळ्याची लहर प्रत्यक्ष मोजली गेली पाहिजे. बंदची सूचना ग्रामपंचायतीला लेखी आणि पुरेशी आधी मिळाली पाहिजे. आणि ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्याला बोलण्यापुरता पर्यायी फोन परवडेल अशी तजवीज झाली पाहिजे. पूल बांधून होण्याआधी जुना साकव कोणी तोडीत नाही. थ्रीजीच्या वेळी तो तोडला गेला, आणि त्याची किंमत ओढ्यापलीकडच्यांनी मोजली.

कार्यकर्त्याने परतल्यावर करावयाचे काम लहान आहे. त्याने शंभर पानी वही घ्यावी, आठ रकाने आखावेत आणि पहिली नोंद गावाच्या सर्वांत लांबच्या वाडीवरून करावी. तेथील एखादी आजी विचारील, "लिहून काय होणार, बाबा?" तिच्या फोनमधील सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावे, तो लागतो की नाही ते तिलाच पाहू द्यावे. निम्म्या वेळी तिचा फोन तेथल्या तेथे सुरू होईल. उरलेल्या निम्म्या वेळी दोष तिचा नाही, तिच्या फोनचा नाही आणि तिच्या नशिबाचाही नाही, हे तिच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालेले असेल. पुढच्या मोर्च्याला ती स्वतःहून येईल, आणि काय मागावयाचे हे तिला ठाऊक असेल.